टिश्यू ठेवलं की टेबल आपलं

माझा तिसरा विषयही सरांनी परत केला, तेव्हा मी सेमिनारच्या खोलीतली किटली इतक्या जोरात आपटली की तिचं झाकण उडून कपाटाखाली गेलं. ते काढायला मला जमिनीवर आडवं व्हावं लागलं. मी तशी आडवी असतानाच सर शांतपणे म्हणाले, "घाई नाही. एप्रिलपर्यंत वेळ आहे."

घाई कशी नव्हती? एप्रिलमध्ये विषय नोंदवला नाही तर शेवटच्या वर्षाचा प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही. जपानी कंपन्या पदवीच्या कितीतरी आधी नोकरीचं पत्र देतात आणि पदवी हुकली की तेवढ्याच नम्रपणे ते परत घेतात. म्हणजे वर्ष जाणार, नोकरी जाणार, आणि सिंगापूरला, हौगांगच्या घरी बाबांना सांगावं लागणार की तुम्ही म्हणत होतात तेच खरं. या शेवटच्या गोष्टीची मला सर्वांत जास्त धास्ती होती.

बाबा मरीन इंजिनिअर. मूळचे अलिबागकडचे, पण गेली वीस वर्षं सिंगापूरहून जहाजावर चढतात आणि सिंगापूरलाच उतरतात. पाच महिने समुद्रावर, अडीच महिने हौगांगच्या फ्लॅटमध्ये. आई नोव्हेनाला एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंटचं काम बघते. एका बसने जाता येईल इतक्या अंतरावर चांगलं विद्यापीठ असताना मी जपानला जाऊन इकॉनॉमिक्स आणि बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन शिकणार म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला.

"धंदा करायचा असतो," ते म्हणाले. "त्यात शिकायचं काय असतं?"

"आणि इकॉनॉमिक्स?"

"ते आईला विचार. बाजारात तीच जाते."

शेवटी आईनेच माझी बाजू घेतली आणि मी गेले.

सुरुवातच अशी झाली की ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मायक्रोइकॉनॉमिक्सची पहिली चाचणी हातात आली, तर पानभर बरोबरच्या खुणा. वीस प्रश्नांपैकी सोळांवर लाल टिक! मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. आईने ते शेजारच्या ब्लॉकमधल्या मराठी काकूंना सांगितलं, आणि काकू रव्याचे लाडू घेऊन आल्या. लाडू संपल्यावर मला कळलं की जपानात बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकलेल्याला टिक. मला वीसपैकी चार मिळाले होते. बाबा तेव्हा जहाजावर होते म्हणून मी वाचले. आईने ती गोष्ट आजतागायत काकूंना सांगितलेली नाही.

पण मी हटणारी नव्हते. वर्ग इंग्रजीत चालत, पण घरमालक, दाताचे डॉक्टर आणि विनोद सगळे जपानीत. तेही शिकले. संध्याकाळी एका छोट्या दुकानात काम धरलं. तिथे समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे त्रिकोणी गोळे विकायला असत, आणि उद्या किती मागवायचे ते मॅनेजर हवामान आणि जवळच्या शाळेची सहल बघून ठरवत. पुस्तकातलं मागणी-पुरवठ्याचं प्रकरण मला तिथे उमगलं. एकदा मी हट्टाने वीस गोळे जास्त मागवले आणि दिवसभर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरनी रोजचा हवामानाचा अंदाज वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर चिकटवायचं काम मला दिलं.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे प्रत्येकाला एका प्राध्यापकांचा सेमिनार धरावा लागतो. दोन वर्षं तेच सर, तीच आठ मुलं, तीच खोली, तीच किटली. दर गुरुवारी एकाने मांडायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बाकीचे सात जपानी आणि मी एकटी सिंगापूरची मराठी. त्यामुळे वाद घालणं ही गोष्ट त्या खोलीत माझ्याबरोबरच आत आली. मुलांनी आपल्यातून एक प्रमुख निवडायचा असतो. आमची प्रमुख बारकीशी मुलगी होती, मी तिला मनातल्या मनात कॅप्टन म्हणे. तिच्या पारदर्शक फाइलमध्ये पाच-पाच मिनिटांचं वेळापत्रक असे, आणि ती ते पाळत असे.

सर साठीला टेकलेले, बारीक, बोलायला हळू. विषय परत करताना ते एकच विचारत, "यात तुला काय माहीत नाही?" माझा पहिला विषय होता भारत आणि जपान यांच्या व्यापाराचा. दुसरा आशियातल्या जहाजवाहतुकीचा, तो बाबांना खूश करायला. तिसरा आग्नेय आशियातल्या मध्यमवर्गाचा. प्रत्येक वेळी मला काय काय माहीत आहे ते मी तावातावाने सांगे. सर सगळं ऐकून घेत आणि कागद माझ्याकडे सरकवत. चौथा विषय माझ्याजवळ नव्हता.

फेब्रुवारीच्या सुट्टीत सेमिनार दरवर्षी कुठेतरी पाहणीला जातो. त्या वर्षी सगळ्यांनी एकमताने सिंगापूर ठरवलं, कारण सहा आठवडे मी दुसरं काही ठरूच दिलं नाही. मला घरचं जेवण हवं होतं, आणि थोडी फुशारकीही मारायची होती. विमानतळावर उतरल्यापासून मी पुढे आणि आठ जपानी माणसं मागे. इथे रांग कुठे लावायची, कार्ड कुठे टेकवायचं, सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं, सगळं मीच सांगत होते. माझं गाव होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वीन्सटाउनजवळच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमची भेट ठरलेली होती. ती संपवून आम्ही बारा वाजता जवळच्या हॉकर सेंटरमध्ये शिरलो. छपराखाली पन्नास-साठ टेबलं, चहूबाजूंनी खाण्याच्या छोट्या दुकानांची रांग, आणि ऑफिसं सुटलेली. कॅप्टनच्या कागदावर लिहिलं होतं: बारा ते पाऊण, जेवण. मी म्हटलं, "तुम्ही टेबलं बघा, मी सगळ्यांसाठी चिकन राइसच्या रांगेत उभी राहते."

हीच माझी चूक. अर्ध्या गोष्टी मी सांगितल्याच नाहीत, कारण त्या सांगायच्या असतात हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

सिंगापूरला जेवणाच्या वेळी माणसं आधी टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवतात आणि मग निवांत रांगेत जातात. याला चोप करणं म्हणतात. पाकीट दिसलं की ती जागा कुणाची तरी आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आता जपानात काय होतं, की स्टेशनच्या बाहेर कंपन्यांची माणसं उभी असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात जाहिरात लावलेली टिश्यूची पाकिटं फुकट देतात. सगळे घेतात. कुणी विचार करत नाही.

तर आमच्या मंडळींना सहा मोकळी टेबलं दिसली आणि त्यांवर ठेवलेली टिश्यूची पाकिटं दिसली. हे किती आदरातिथ्य! कॅप्टनने सगळी पाकिटं गोळा केली. आठ भरली, आणि माणसंही आठच होती, सर धरून. हिशेब इतका चोख जुळल्यावर शंका कशाला घेतील? प्रत्येकाला एक एक वाटलं. मग दोन टेबलं निवडून सगळे बसले, आणि सरांनी पाकीट फोडून कपाळ पुसलं.

मी दोन ट्रे सांभाळत परत आले, तेव्हा सहाही टेबलांचे मालक आपापली जेवणं घेऊन पोचले होते. नूडल्सच्या वाट्या हातात, बसायला जागा नाही, आणि खूण ठेवलेली ती गायब. चार मोकळ्या टेबलांवर तर तिसरीच माणसं येऊन बसली होती, कारण त्यांच्या दृष्टीने ती मोकळीच होती. गळ्यात ऑफिसचा पास अडकवलेली एक आँटी सरांसमोर उभी होती.

"एऽ अंकल, धिस माय टिश्यू! आय चोप ऑलरेडी लाह!"

सर उठले. त्यांच्याबरोबर सातही मुलं उठली. का उठायचं ते कुणालाच कळलं नव्हतं, पण समोरचं माणूस रागावलंय एवढं कळलं होतं. आठ जणांनी एकदम कमरेत वाकून क्षमा मागितली. सरांच्या हातात तो वापरलेला टिश्यू तसाच होता. आजूबाजूची पन्नास माणसं खायची थांबली.

मी ट्रे आपटून मधे घुसले आणि इकडे इंग्रजीत, तिकडे जपानीत, मधेच घाबरून मराठीत, काय काय बोलले ते आता आठवत नाही. कॅप्टन पांढरीफटक पडली. तिने सातही पाकिटं एका ओळीत मांडली आणि विचारलं, "कोणतं कोणत्या टेबलावरचं, ते मी लिहून ठेवलं नाही. आता कसं करायचं?" तिला खरंच वाटत होतं की भांडण पाकिटांवरून चाललंय.

आँटीने ती ओळ पाहिली आणि तिला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच फुटलं. सिंगापूरची माणसं वरवर कडक. जेवायला बसली की विरघळतात. सरका सरका करत सगळे दाटीवाटीने बसले, आमची मुलं त्यांच्या टेबलांवर, ते आमच्या. कॅप्टनने आँटीला समजावलं की आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जागा धरायला फोन ठेवतो, नाहीतर पैशांचं पाकीट.

"फोन?" आँटीने चमचा खाली ठेवला. "युअर फोन नोबडी टेक, माय टिश्यू यू टेक!"

सर मात्र हसत नव्हते. ते फोडलेलं पाकीट हातात फिरवत होते. त्यांनी मला आँटीला विचारायला लावलं, की हे कुठे लिहिलंय का? कायदा आहे का? नाही. उचललं तर दंड? नाही. ज्या शहरात बारीकसारीक गोष्टींना दंड आहे तिथे याला नाही? नाही. मग लोक उचलून बाजूला का करत नाहीत?

"टुडे आय मूव्ह पीपल्स वन," आँटी म्हणाली, "टुमॉरो हू गिव्ह मी सीट?"

मी ते जपानीत सांगितलं: आज मी दुसऱ्याचं हलवलं, तर उद्या माझं कोण राहू देईल? सर माझ्याकडे वळले.

"तू इथे वाढलीस. टिश्यू ठेवल्यावर जागा किती वेळ आपली राहते?"

"म्हणजे... येईपर्यंत."

"अर्धा तास?"

"नाही, इतका वेळ नाही."

"मग किती? आणि छत्री ठेवली तर? पाण्याची बाटली ठेवली तर जास्त वेळ की कमी?"

आयुष्यभर मी टिश्यू ठेवत आले होते. टिश्यू ठेवलं की टेबल आपलं, यात विचारायचं काय? पण मला खरोखरच माहीत नव्हतं. सर भात खायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मला इतका आनंद झाला की आँटीच्या ताटलीतली काकडी मी आपली समजून खाल्ली.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत सरांनी चौथा विषय, टिश्यू ठेवून धरलेल्या जागांचा, मान्य केला, पण अट घालून. वस्तू कोणती, किती वाजता ठेवली, मालक किती वाजता परतला, मधे कुणी हलवली का, हे सगळं दोघांनी मोजायचं, एकमेकांपासून दूर बसून, एकमेकांची वही न बघता. दोघांचे आकडे जुळले तरच ते प्रबंधात घ्यायचे. नाही जुळले तर प्रबंध उभाच राहणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाकीचे दोन दिवसांनी परत जाणार होते. मी सुट्टी संपेपर्यंत राहणार होते. दुसरा माणूस मी शोधायचा होता.

घरी बाबा रजेवर होते. रजेवरचे बाबा म्हणजे आईच्या डोक्याला ताप. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं होतं, फ्रिज दोनदा पुढे ओढून मागून पुसला होता, आणि आता त्यांची नजर मिक्सरवर होती. मी जेवताना सगळी हकिगत सांगितली. आठ जणांनी वाकून माफी मागितली तिथे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचो," ते डोळे पुसत म्हणाले. "पण तिथे रुमाल उचलून बसणारे बहाद्दर असायचे. मग हाणामारी."

"अहो, मग जा ना तिच्याबरोबर मोजायला," आई म्हणाली. "मिक्सर वाचेल माझा."

बाबांनी मला विचारलं, "वॉच किती ते किती?"

ते हेच विचारणार हे मला कळायला हवं होतं. जहाजावर इंजिनरूममध्ये पाळी असते, ठरावीक वेळाने प्रत्येक मीटरपुढे उभं राहून आकडा लिहायचा असतो, आणि पाळी सोडून हलायचं नसतं. ते म्हणाले, "हे सोपं आहे. तुमची टेबलं गरम तरी होत नाहीत."

अकरा दिवस आम्ही गेलो. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, एकत्र जायचं, हॉकर सेंटरच्या दारात वेगळं व्हायचं. सरबताच्या दुकानासमोरची तेरा टेबलं आम्ही ठरवून घेतली होती आणि त्यांना नंबर दिले होते. मी एका टोकाला बसायचे, बाबा दुसऱ्या टोकाला. पावणेबारा ते पावणेदोन. मधे बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी सहज हात हलवला, तर बाबांनी मान दुसरीकडे वळवली. परत येताना गाडीत मात्र बडबड. टिश्यूवाला सरासरी किती मिनिटांनी येतो यावर आमच्या पैजा लागायच्या. बाबा बहुतेक वेळा जिंकायचे, आणि मी चिडायचे.

एप्रिलमध्ये विषय नोंदवला. जूनमध्ये नोकरीचं पत्रही आलं. बाबा तोवर पुन्हा जहाजावर गेले होते. ऑगस्टच्या सुट्टीत मी हौगांगला आले, बाबांची वही आणि माझी वही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि आकडे लॅपटॉपमध्ये भरायला घेतले. प्रत्येक पानाच्या खाली बाबांनी दिवसाची बेरीज करून तिच्याखाली लाल रेघ ओढली होती. मी फक्त त्या बेरजा घेतल्या. तपशील नंतर बघू म्हटलं.

जुळेनात. पहिला दिवस: माझे एकेचाळीस, बाबांचे बेचाळीस. दुसरा दिवस: माझे अडतीस, त्यांचे एकोणचाळीस. मी अकराही दिवस दोनदा तपासले. एकही दिवस जुळत नव्हता.

मग राग आला. माझा राग नेहमी भीतीच्या पाठोपाठ येतो. मला वाटलं, बाबांनी डुलक्या काढल्या असणार, आणि अंदाजाने रेघा ओढल्या असणार. मग गाडी आणखी मागे गेली. इंजिनच्या एका नळीला ताप आला तर या माणसाला दुसऱ्या मजल्यावरूनही कळतं. मला दहावीला कांजिण्या आल्या होत्या ते त्यांना तीन आठवड्यांनी कळलं. एवढं एक काम सांगितलं होतं! मी बाबांना मेसेज टाकला, "रोज एक जास्त कसा? माझा प्रबंध बुडाला." जहाज कुठेतरी भर समुद्रात होतं. मेसेज गेला, पण पोचल्याची खूण येईना.

दोन दिवसांनी सरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या निरीक्षकाचा दोष आहे असंही म्हणाले. सरांनी अकराही दिवसांचे आकडे वाचले.

"फरक रोज एकाचाच आहे," ते म्हणाले. "कधी दोनाचा नाही, कधी शून्य नाही. निष्काळजी माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही. कुठलं टेबल ते शोध."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अक्षर इंजिनिअरचं, टोकदार. टेबल एक, अकरा बावन्न, टिश्यू. बारा एक, मालक परत. टेबल दोन, छत्री. असं तेरापर्यंत. आणि तेराच्या खाली, पानाच्या तळाशी, जरा बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. टेबल चौदा.

आमचं चौदावं टेबल नव्हतंच. मी पुढे वाचलं.

"टे. १४, खांबाजवळ. ११:४१ पाण्याची बाटली ठेवली. ११:४४ मालक परत, बसली. १२:३० जेवण नाही. १:४५ उठली. जेवण नाही."

खांबाजवळ मी बसायचे. बाटली ठेवून हात धुवायला जायचे आणि येऊन वही उघडायचे. बाबांच्या नियमाप्रमाणे टेबलावर वस्तू ठेवली, माणूस गेलं आणि परत आलं, म्हणजे ती एक नोंद. त्यांनी ती इमानदारीने बेरजेत धरली होती.

मी पान उलटलं. दुसरा दिवस. "टे. १४. ११:४० बाटली. ११:४२ परत. जेवण नाही." तिसरा दिवस. "जेवण नाही. १:१० बिस्किट, एक." चौथ्या दिवशी लिहिलं होतं, "१२:२० टे. १४ ला भात पाठवला. १२:३४ सुरू. १२:५० पूर्ण." त्या दिवशी चिकन राइसच्या दुकानातले म्हातारे अंकल अचानक माझ्यासमोर ताटली ठेवून गेले होते. मी पैसे द्यायला लागले तर ते हातानेच नको म्हणाले. मला वाटलं होतं, रोज बघतात म्हणून लळा लागला असेल. मी घरी येऊन बाबांना कौतुकाने सांगितलंही होतं की सिंगापूरची माणसं किती चांगली असतात, आणि बाबा म्हणाले होते, "असतात काही काही."

पाचव्या दिवसापासून रोज भात पाठवलेला. रोज वेळ लिहिलेली. "पूर्ण." "पूर्ण." आठव्या दिवशी "अर्धा. खोकला आहे." नवव्या दिवशी त्याच ओळीत, "खोकला कमी." अंकलना पैसे पाळीआधीच देऊन ठेवले असणार, कारण पाळी सोडून हलायचं नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी पाळल्या होत्या. तेरा टेबलांवरची एक नोंद चुकली नव्हती. चौदावी काढली की अकराही दिवस आमचे आकडे तंतोतंत जुळत होते.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. चांगलं हमसून हमसून रडले. मला या माणसाचा किती वर्षं राग होता, आणि तो समोरच्या टोकाला बसून मी किती वाजता किती खाल्लं ते लिहीत होता.

सरांना मी लिहून कळवलं. चौदावं टेबल म्हणजे पहिली निरीक्षक, अशी तळटीप द्यायला त्यांनी सांगितलं, आणि प्रबंध पुढे लिहायला घे म्हणाले. त्याच दुपारी बाबांचा मेसेज आला. जहाजाला नेट मिळालं असावं.

"चौदा नंबर धरू नकोस," एवढंच होतं. "ते माझ्यासाठी होतं."

प्रबंध बुडाला नाही, असं मी लिहिलं आणि पुसलं. मला माफ करा, असं लिहिलं, तेही पुसलं. आई सकाळी कामावर जाताना डाळ-भात झाकून ठेवून गेली होती. तो मी वाढून घेतला, खाल्ला, हात धुतले, आणि मग बाबांना लिहिलं:

"१:०५ सुरू. १:२० पूर्ण."